रविवारी चारनंतर पोटात येणारा गोळा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई एकतीस वर्षांच्या आहेत. सरकारी बँकेत अधिकारी, घर सांगलीकडे, नेमणूक ठाणे जिल्ह्यातल्या एका शाखेत. रविवारी दुपारची झोप होऊन चार वाजले की पोटात गोळा येतो. संध्याकाळी कुणाशी धड बोलावंसं वाटत नाही, रात्री दीड-दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारी साडेनऊच्या आढावा बैठकीत नाव पुकारलं की कान तापतात. रविवारला जोडून शनिवारचीही सुट्टी आली तर त्रास उलट वाढतो. ध्यान करून झालं, आरशासमोर चांगली वाक्यं म्हणून झाली. आई म्हणते, एवढी चांगली नोकरी आहे, सोमवार कुणाला आवडतो? ताईंनी विचारलंय: हे माझ्या मनाचेच खेळ आहेत का, आणि नोकरी सोडू का?

ताई, मी नाशकात एकवीस वर्षं समुपदेशन करते आहे. बँकेतली माणसं येतात, शाळेतली येतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली येतात. तुमचं पत्र वाचताना मला त्यातली निदान तीस-चाळीस माणसं आठवली. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या मागे तिसरा एक आहे: माझ्यातच काही खोट आहे का? त्याचं उत्तर आधी देते. खोट नाही. हंगेरीतल्या सँडोर फेरेन्त्सी या मनोविश्लेषकाने १९१९ मध्येच नेमाने रविवारी उठणाऱ्या तक्रारींवर लिहून ठेवलंय. पिंपरी-चिंचवडकडच्या ज्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तिथल्या माणसाला हीच धास्ती गुरुवारी संध्याकाळी येते. तेव्हा त्या वाराचा यात काही दोष नाही आणि तुमचाही नाही.

मग दोष कशात आहे? माझ्याकडे आलेल्या माणसाला मी पहिल्याच भेटीत एक कागद देते. सोमवारचा दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत मांडायचा आणि प्रत्येक खणापुढे भीतीचा आकडा लिहायचा, शून्य ते दहा. लिहायच्या आधी सगळे म्हणतात, अख्खा दिवसच नको वाटतो. लिहून झाल्यावर दिसतं की एक किंवा दोन खण आठ-नऊवर आहेत, बाकीचे तीन-चारवर. एका शिक्षिकेला वर्गाची भीती नव्हतीच. भीती होती शिक्षकखोलीतल्या मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांची, कारण एका सहकाऱ्याशी तिचं बिनसलं होतं. कारखान्यातल्या एका सुपरवायझरचा नऊचा आकडा पडला तो रात्रपाळीकडून काम ताब्यात घेण्याच्या पंधरा मिनिटांवर. तोपर्यंत दोघंही सांगत होते की नोकरीच जमत नाही.

तुमच्या पत्रात मला एकच खण ठळक दिसतो: साडेनऊ ते दहा. ग्राहकांबद्दल तुम्ही तक्रारीचं अक्षर लिहिलेलं नाही. कर्ज प्रकरणांबद्दल, वसुलीसाठी गावात जाण्याबद्दलही नाही. कान तापतात ते नाव पुकारल्यावर. माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून कागद स्वतः भरून बघा. पण सगळ्या आठवड्याची धास्ती अर्ध्या तासावर आली, तर तिच्याशी करण्यासारखं पुष्कळ असतं.

आता ती रविवारी चार वाजताच का येते, ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचे उपाय नुसती औपचारिकता ठरतील. यात तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये दाखवून दिलं की पुरं झालेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेलं काम डोक्यात जास्त राहतं. शनिवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही घाईघाईने टेबल आवरून लोकल पकडता. फाइल मिटते, पण मनात ती उघडीच असते. सुट्टीच्या गडबडीत तिचा आवाज ऐकू येत नाही. रविवारी दुपारी घर शांत झालं की येतो.

दुसरी गोष्ट खुणांची. माझ्याकडे विमा क्षेत्रातले एक गृहस्थ यायचे (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडा बदलून सांगते). रविवारी साडेचारला ते आठवड्याचे पाच शर्ट इस्त्री करायला बसत. पाणी शिंपडलेल्या सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की जो वास येतो, त्या वासाने त्यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. त्यांना वाटायचं, धडधड सोमवारच्या विचाराने होते. चार रविवार नोंद ठेवल्यावर लक्षात आलं की विचार नंतर येतो, वास आधी. वर्षानुवर्षं तो वास आणि ती धास्ती एकत्र आल्याने त्यांची गाठ पडली होती. आम्ही शर्ट शनिवारी सकाळी, रेडिओ लावून, इस्त्री करायचे ठरवले. बाकी काहीच बदललं नाही, तरी साडेचारचा आकडा सातवरून चारवर आला. तुमच्या घरी अशी खूण कोणती आहे ते शोधा. मटकी भिजत घालणं असेल, डबा-बाटली शोधणं असेल, खोलीतल्या मैत्रिणीचं गावाहून परत येणं असेल.

तिसरी गोष्ट झोप, आणि हिच्याकडे जवळजवळ सगळे काणाडोळा करतात. शनिवारी रात्री एकपर्यंत जागरण, रविवारी दहाला उठणं, जेवण जड, मग दोन तास ताणून देणं. अशा माणसाला रविवारी अकराला झोप येणारच नाही, सोमवारची चिंता असो वा नसो. शरीराचं घड्याळ दोन दिवसांत दोन-तीन तास मागे सरकलेलं असतं. शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. विमान न पकडता परदेशी जाऊन आल्यासारखी ही अवस्था असते. आणि अंधारात टक्क जागं पडलेल्या माणसाच्या डोक्यात सोमवारशिवाय दुसरं येणार तरी काय? सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. त्या आठवड्यात तुमचा त्रास वाढतो असं तुम्ही लिहिलंय, ते मला अगदी सुसंगत वाटतं. दोन दिवसांत घड्याळ जास्त सरकतं, शिवाय भीतीच्या जागेपासून जितके दिवस लांब राहावं तितकी ती जागा मनात मोठी होत जाते.

याच कारणाने एक गोष्ट करू नका म्हणून कळकळीने सांगते: सोमवारची रजा टाकू नका. लग्न, आजारपण असेल तर वेगळं. पण भीती वाटते म्हणून टाकलेल्या रजेने रविवारी रात्री आठ वाजता जो सुटकेचा श्वास मिळतो, तो मनाला शिकवतो की धोका खरा होता आणि पळालो म्हणून वाचलो. माझ्याकडच्या एका मुलाने तीन महिन्यांत पाच सोमवार असे काढले. त्याचा सोमवार सुधारला नाहीच, मंगळवारही गेला.

आता काय करायचं. माझ्या अनुभवात रविवारची संध्याकाळ दुरुस्त करायची खरी वेळ आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी असते. तुमच्या बाबतीत कधी शुक्रवार, कधी शनिवार. निघण्याआधीची वीस मिनिटं राखून ठेवा. ती रोज मिळणार नाहीत हे मला माहीत आहे, आठवड्यातून एकदा मिळवा. कागदी वही घ्या. अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम लिहा, पण नुसतं नाव लिहून सोडू नका. ‘पीक कर्ज नूतनीकरण’ असं लिहिलं तर ते काम तुमच्याबरोबर लोकलमध्ये चढेल. ‘सोमवारी साडेदहाला कृषी अधिकाऱ्यांना फोन, तिघांचे सात-बारा आले का विचारणे’ असं लिहिलं तर ते वहीत राहतं. फरक छोटा दिसतो, पण तो मोठा आहे. मासिकांपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की काम पुरं झालेलं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत झाला, की ते डोक्यात घुसमटायचं कमी होतं. काम संपवायची गरज नाही, पुढची पायरी ठरवायची गरज आहे. माझ्याकडे येणारी माणसं हे पहिल्या आठवड्यात करतात, दुसऱ्या आठवड्यात विसरतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘उपयोग झाला नाही’ म्हणून सांगतात. तसं होऊ देऊ नका.

त्याच वीस मिनिटांत बैठकीची तयारी करून टाका. वहीचं एक पान, त्यावर तुमच्याकडे विचारले जाणारे चार आकडे: कर्जवाटप, वसुली, थकण्याच्या वाटेवरची खाती, नवीन खाती. प्रत्येक आकड्यापुढे एक वाक्य. आकडा कमी असेल तर वाक्य असं हवं: ‘वसुली साठ टक्क्यांवर आहे, दोन मोठ्या खात्यांमुळे अडली आहे, बुधवारी दोघांकडे जाऊन येते.’ यात सबब नाही आणि माफीही नाही. हे वाक्य घरी मोठ्याने तीनदा म्हणा, आरशाची गरज नाही. आरशासमोरच्या चांगल्या वाक्यांचा उपयोग झाला नाही याचं मला नवल वाटत नाही, कारण ‘मी शांत आहे’ हे तुमच्या शरीराला त्या क्षणी खोटं वाटतं. ‘बुधवारी दोघांकडे जाऊन येते’ हे खरं असतं, आणि माणूस घाबरलेल्या आवाजातसुद्धा खरं बोलू शकतो. कान तापतील. तापू द्या. कान तापलेले असताना वाक्य पुरं झालं, हा अनुभव चार-पाच वेळा आला की भीतीची धार जायला लागते. कान थंड झाल्यावर बोलू म्हणाल तर तो दिवस येत नाही.

रविवारबद्दल. बरेच जण सांगतील, फोन बंद करून ठेवा. मी सरसकट सांगत नाही. तुमच्या शाखेच्या गटावर रविवारी खरोखर काही निरोप येत असेल आणि तो चुकला तर सोमवारी बोलणी बसत असतील, तर फोन बंद ठेवून तुम्ही दिवसभर त्याच विचारात राहाल. एक वेळ ठरवा आणि ती दुपारी बारा वाजताची ठेवा, संध्याकाळची नको. दहा मिनिटं बघा, उत्तर द्यायचं ते द्या, गट गप्प करून टाका. दर अर्ध्या तासाने ‘काही आलं नाही ना’ म्हणून बघणं ही खाज आहे. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि ती वाढते.

दुपारी झोपायचं तर वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून. रविवारी उठायची वेळ रोजच्यापेक्षा फार तर तासभर उशिरा. चारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाचा चहा अकरालाही अंगात असतो. अंथरुणात वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, पेंग आली की परत या. आणि मन त्या रात्रीच कामांची उजळणी करायला लागलं तर पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढा. झोपेचे अभ्यासक स्कलिन यांच्या २०१८ च्या अभ्यासात ५७ तरुण सहभागी होते. झोपण्याआधी पुढची कामं लिहिणाऱ्यांना, पुरी झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. अभ्यास लहान आहे, नऊ मिनिटंही फार नाहीत, पण खर्च एका कागदाचा आहे.

चार ते सातचं काय? ‘मन रमवा’ हा सल्ला मला पटत नाही, कारण पडद्यासमोर बसलेल्याचं मन मागे सोमवारच चघळत असतं. त्यापेक्षा काळजीला उघड वेळ द्या. मानसशास्त्रज्ञ बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत मी आजही वापरते. पाच ते सव्वापाच, एका ठराविक खुर्चीवर, हातात वही. जे भय वाटतं ते सगळं लिहायचं. सव्वापाचला वही बंद, खुर्ची सोडायची. नंतर विचार आला तर त्याला सांगायचं, पुढच्या रविवारी पाचला. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी लिहायला पंधरा मिनिटं पुरेसा मजकूर उरत नाही, असं मी अनेकांकडून ऐकलंय. त्यानंतर हातांना काम लागेल आणि शेजारी माणूस असेल असं काहीतरी करा. आईला फोन लावून तिच्याकडून एखादी भाजी शिकत ती करणं, हेसुद्धा चालेल. तुम्ही एकट्या राहता असं पत्रावरून वाटतं, आणि सोमवारची धास्ती एकट्या खोलीत दुप्पट होते.

एक गोष्ट मला रविवारबद्दल नेहमी सांगाविशी वाटते. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. त्याआधी गिरणीतल्या माणसाला हक्काचा असा वारच नव्हता. तुमच्या रविवारचे चारनंतरचे तास बँकेने मागितलेले नाहीत. ते तुमचे आहेत, आणि ते परत घेण्यासाठी एवढी धडपड करण्यात स्वार्थीपणा नाही.

इथपर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं आहे: बैठक कडक आहे, पण माणुसकी सोडून नाही. तसं नसेल तर माझं उत्तर बदलतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा मात्र नाही, अशा नोकरीत ताण सगळ्यात वाईट असतो. तुमच्यावर विम्याचं, कर्जाचं लक्ष्य असेल आणि ते कसं गाठायचं यात तुमचं काहीच चालत नसेल, तर वहीने निम्मंच काम होईल. उरलेलं काम शाखा व्यवस्थापकांशी बोलण्याचं आहे, तेही बैठकीत नको, बुधवार-गुरुवारी दुपारी, एकेकट्याने: ‘सर, कमी आकड्याबद्दल मला आधी केबिनमध्ये विचारलंत तर मी नीट उत्तर देऊ शकेन.’ हे वाक्य बोलून दाखवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना साहेबांचं वागणं बदललेलं दिसलं, सगळ्यांना नाही. चारचौघांत अपमान, शिव्या, बाईमाणूस म्हणून टोमणे असं चालू असेल, तर ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत आणि श्वासाच्या व्यायामाने ते सहन करायला मी तुम्हाला शिकवणार नाही. तारीख, वेळ, शब्द, हजर माणसं लिहून ठेवा. संघटनेकडे जा, बदलीचा अर्ज करा. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे बँकेत अंतर्गत समिती असतेच.

आणखी एक फरक नीट बघा. सोमवारची धास्ती सोमवारी दुपारपर्यंत ओसरते. तीन वाजेपर्यंत माणूस कामात असतो, कुणाशी तरी हसलेला असतो. तुमचं तसं होत असेल तर वर सांगितलेलं पुरेल. पण गुरुवारीही तेच, शनिवारी सकाळीही कशातच गोडी नाही, भूक गेली, पहाटे चारला जाग येऊन रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते बहुधा थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-बारा तपासायला सांगतील. तेही करून घ्या, त्यात काही सापडलं तर उपाय सोपा असतो. जगणं नको असा विचार एकदाही आला असेल तर आजच १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. दिवस-रात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. सोडूच नका असं मी म्हणत नाही. सोडून सुखी झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. माझी अट एवढीच की निर्णय रविवारी रात्री घ्यायचा नाही. त्या वेळी विचाराल तर मन प्रत्येक नोकरीला नकोच म्हणेल, नव्या नोकरीलासुद्धा, कारण त्या नोकरीलाही सोमवार असेल. आईच्या बोलण्यावरूनही ठरवू नका. तिला तुमच्या पगाराची नि सुरक्षिततेची काळजी आहे, आणि ती खरी आहे, पण साडेनऊच्या खोलीत ती कधी बसलेली नाही. तुम्ही हा विषय महिन्यातून एका बुधवारी दुपारी, पोटात अन्न असताना, कागद घेऊन उघडा.

आज एवढंच करा: सोमवारच्या खणांचा कागद भरा आणि या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी निघायच्या आधीची वीस मिनिटं फोनमध्ये गजर लावून राखून ठेवा. बाकीचं पुढच्या आठवड्यापासून, एकेक करून. दर रविवारी संध्याकाळी पाचला आणि दर सोमवारी साडेनऊला भीतीचा एक आकडा लिहीत जा. सहा आठवड्यांनी दोन्ही रांगा शेजारी ठेवून बघा. रविवारचा आकडा उतरला आणि बैठकीचा आठवरच अडकला, तर समजा की प्रश्न त्या खोलीत आहे, आणि मग बदलीच्या अर्जाचं आपण नीट बोलू. तुमचे आकडे मला जरूर कळवा.